फॉर्ममध्ये न लिहिलेलं माणूस



आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. एकाने विचारलंय, "कॅनडाच्या पीआरच्या अर्जात बायकोचं नाव टाकलं नाही तर चालेल का? ती नंतर येणार आहे." दुसरा म्हणतो, "मुलगा पहिल्या लग्नाचा आहे, तो त्याच्या आईकडे असतो. त्याला न्यायचंच नाही, मग लिहायचं कशाला?" आणि एकीने लिहिलंय, "आम्ही दोघं दीड वर्ष एकत्र राहतोय, पण घरी माहीत नाही. सिंगल लिहू ना?"

तिघांनाही माझं उत्तर एकच आहे: नाव लिहा. पण 'लिहा' एवढं म्हणून भागत नाही. न लिहिल्याने नेमकं काय होतं, ते कळलं पाहिजे. मी वकील नाही. बीटेक केलेला साधा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण स्वतःचा अर्ज भरताना हे नियम मुळातून वाचले आणि ओळखीच्या एका माणसावर याचे काय परिणाम झाले ते जवळून पाहिलं. त्यामुळे आज फक्त कॅनडाबद्दल बोलतो.

आधी मूळ गोष्ट. आपल्याला वाटतं की फॉर्म विचारतोय, "सोबत कोण येणार?" तसं नाहीये. फॉर्म दोन वेगळे प्रश्न विचारतो. पहिला, तुमचं कोण कोण आहे? दुसरा, त्यातलं सोबत कोण येतंय आणि कोण येत नाही? जो येत नाही त्याच्यासाठी 'नॉन अकम्पनिंग' असा वेगळा पर्याय दिलेला आहे. आपले लोक दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नात देऊन टाकतात. येणार नाही ना, मग नावच नको.

आता 'तुमचं' म्हणजे कोण? नवरा किंवा बायको. किमान एक वर्ष जोडप्यासारखं एकत्र राहिलेला जोडीदार, ज्याला तिकडे कॉमन लॉ पार्टनर म्हणतात. आणि अवलंबून असलेली मुलं, म्हणजे साधारणपणे २२ वर्षांखालची, लग्न न झालेली. मुलं दत्तक असोत, पहिल्या लग्नाची असोत, कस्टडी कोणाकडेही असो, नाव यायलाच हवं. आणि येणार नसलेल्यांचीही मेडिकल आणि बाकी तपासणी व्हावी लागते.

हिंजवडी, खराडीत राहणाऱ्यांनी तो कॉमन लॉचा मुद्दा नीट ऐका. भाडेकरार दोघांच्या नावावर आहे, वर्ष उलटून गेलंय, खर्च एकत्र आहे, जोडपं म्हणून राहताय, तर कॅनडाच्या व्याख्येत तुम्ही बहुतेक सिंगल नाही. आईबाबांना सांगितलंय की नाही, याच्याशी त्या व्याख्येचा काही संबंध नाही.

बरं, नाव गाळलं तर काय होतं?

पहिला परिणाम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. चुकीची माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती दडवणं याला तिकडच्या कायद्यात मिसरिप्रेझेंटेशन म्हणतात. इमिग्रेशन कायद्याचं कलम ४०. यात ५ वर्षं कॅनडात प्रवेशबंदी होते आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. पीआर आधीच मिळाला असेल तर तो जाऊ शकतो. नागरिक झाला असाल आणि ती माहिती जाणूनबुजून लपवल्याचं सिद्ध झालं, तर नागरिकत्वही रद्द होऊ शकतं.

दुसरा परिणाम मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. नियम ११७(९)(डी). २००२ पासून लागू आहे. नियम असा: तुम्ही पीआर झालात तेव्हा जो तुमच्या कुटुंबात होता, पण सोबत येत नव्हता आणि ज्याची तपासणी झाली नाही, त्याला तुम्ही पुढे कधीही फॅमिली क्लासमधून स्पॉन्सर करू शकत नाही. कधीही. याला ५ वर्षांची मुदत नाही, १० वर्षांची नाही. आणि इथे तुमचा हेतू काय होता हे बघितलंच जात नाही. मुद्दाम लपवलं, विसरलात किंवा एजंटने परस्पर गाळलं, नियमाला सगळं सारखंच.

म्हणजे बघा, फॉर्म भरणाऱ्याची शिक्षा एक दिवस संपू शकते. ज्याने फॉर्म पाहिलासुद्धा नाही, त्याच्यावरची बंदी आपोआप कधीच संपत नाही. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

याला कोर्टात आव्हान दिलं गेलंय. एक आई १९९३ मध्ये फिलिपिन्सहून मुलीला घेऊन कॅनडात आली. तिचे दोन मुलगे वडिलांकडे होते, ते तिने सांगितले नाहीत. पुढे ती नागरिक झाली आणि मुलग्यांना बोलावण्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. प्रकरण फेडरल कोर्ट ऑफ अपीलपर्यंत गेलं आणि २००५ मध्ये कोर्टाने हा नियम वैध ठरवला.

आता आपल्याकडचं उदाहरण. माझ्या आधीच्या टीममध्ये एक सिनियर होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. घटस्फोट झालेला, मुलगी आईकडे नाशिकला. पीआरचा अर्ज भरायला एका एजंटकडे गेले. एजंट म्हणाला, "कस्टडी आईकडे आहे ना? मग कशाला लिहिता, केस उगाच लांबेल." नाव गेलं नाही. दादा टोरोंटोला पोचले, नोकरी लागली, घर घेतलं. चार वर्षांनी मुलीची आई आजारपणात गेली. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. आता ती आजीकडे असते आणि आजी सत्तरीच्या पुढे आहे.

दादांनी मुलीला स्पॉन्सर करायला अर्ज केला. उत्तरात तोच नियम, ११७(९)(डी). वर दुसरी अडचण अशी की मुलीचा अर्ज हाच त्यांच्या स्वतःच्या जुन्या अर्जाविरुद्धचा पुरावा. जन्मदाखल्यावर तारीख आहे, वडिलांचं नाव आहे. "मुलगी आहे" असं आज सांगणं म्हणजे "तेव्हा सांगितलं नव्हतं" असं लिहून देणं. ते मला म्हणाले, "तिला आणायचं तर मला स्वतःला पकडून द्यावं लागतंय." त्यांनी ते केलं. वेगळ्या मार्गाने पुन्हा अर्ज केलाय, निकाल अजून यायचाय. मुलगी आता चौदा वर्षांची आहे.

लोक नाव का गाळतात? कारणं साधारण चार आहेत.

पहिलं, पॉइंट्स. एक्स्प्रेस एन्ट्रीमध्ये वयाचे जास्तीत जास्त गुण सिंगल माणसाला ११० आणि जोडीदारासह १०० असतात. शिक्षणाचे १५० आणि १४०. म्हणून लोक बायको लपवतात. गंमत अशी की जोडीदार खरोखरच सोबत येणार नसेल आणि तसं जाहीर केलं असेल, तर गुण सिंगलसारखेच मोजले जातात. म्हणजे ज्या गुणांसाठी खोटं बोलले, ते खरं बोलूनही मिळाले असते. फक्त 'येणार नाही' हेसुद्धा खरं असलं पाहिजे. जोडीदार आधीच कॅनडात तुमच्याबरोबर राहत असेल आणि तुम्ही 'येणार नाही' लिहिलंत, तर अधिकारी विचारणारच.

दुसरं, मेडिकलची भीती. घरात आजारी किंवा दिव्यांग मूल असेल तर सगळ्यांचाच अर्ज नाकारला जाईल असं वाटतं. ही भीती अगदीच बिनबुडाची नाही. सरकारी आरोग्यसेवेवर जास्त खर्चाचा भार पडेल, या कारणावरून अर्ज नाकारता येतो. पण २०१८ मध्ये कॅनडाने ही खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षणासारख्या सेवा त्या हिशोबातून वगळल्या. म्हणजे कधीतरी पाच-दहा वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलेल्या गोष्टीवरून मुलाचं नाव गाळू नका.

तिसरं, घरातलं गुपित. पहिलं लग्न, लिव्ह इन, नात्यात कोणाला न सांगितलेलं मूल. यावर मी काही शहाणपण शिकवणार नाही. एवढंच सांगतो की फॉर्म नातेवाइकांच्या ग्रुपवर जात नाही. अधिकाऱ्याला सांगणं आणि काकांना सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथं कारण खास आपल्याकडचं आहे. "रजिस्टर झालंय, पण लग्न मेमध्ये आहे." व्हिसासाठी सर्टिफिकेट आधी काढून ठेवायचं आणि विधी नंतर करायचे. मग फॉर्म भरताना गोंधळ होतो, मी मॅरीड की सिंगल? सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये नेमकं यावर भाष्य केलंय. हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील, तर नुसत्या सर्टिफिकेटने लग्न होत नाही, असं कोर्टाने सांगितलं. व्हिसासाठी अशी नोंदणी करण्याच्या पद्धतीचा त्यात उल्लेखही आहे. उलट स्पेशल मॅरेज अॅक्टखाली अधिकाऱ्यासमोर लग्न लागलं असेल तर ते पूर्ण लग्न आहे, मांडव पडो न पडो. त्यामुळे तुमचं सर्टिफिकेट कोणत्या कायद्याखालचं आहे ते आधी बघा. आणि सोयीचं ते स्वतःच ठरवून टाकू नका. जे घडलंय ते तारखांसह अर्जात लिहून समजावून सांगा.

आता तारखांचा मुद्दा. बऱ्याच जणांना वाटतं की अर्ज सबमिट केला त्या दिवशी सिंगल होतो, विषय संपला. नाही. ११७(९)(डी)साठी हिशोब तुम्ही पीआर होता त्या क्षणापर्यंत चालतो. अर्ज जानेवारीत, लग्न जूनमध्ये आणि लँडिंग ऑगस्टमध्ये, तर ऑगस्टच्या आधी कळवलंच पाहिजे. व्हिसा हातात आला असला तरी. लग्न झालंय आणि कळवलेलं नाही, तर लँडिंग करू नका. आधी कळवा, जोडीदाराचं मेडिकल होऊ द्या. दोन-चार महिने उशीर झाला तरी चालेल. उलट लँडिंग आधी झालं आणि लग्न नंतर, किंवा मूल नंतर जन्मलं, तर हा नियम लागू होत नाही. नेहमीसारखं स्पॉन्सर करता येतं.

ज्यांचं नाव आधीच गाळलं गेलंय, त्यांच्यासाठी काय?

अर्ज अजून चालू असेल तर सगळ्यात सोपं आहे. आजच इमिग्रेशन विभागाच्या वेबफॉर्मवरून कळवा. अधिकाऱ्याला स्वतःहून सापडण्याआधी तुम्ही सांगणं केव्हाही बरं. माजी जोडीदार मुलाचं मेडिकल करू देत नसेल तर तेही लेखी कळवा. मूल आहे हे तरी लपवल्यासारखं होत नाही. मात्र तपासणी न झाल्याने पुढे स्पॉन्सर करता येणार नाही, हे समजून घ्या.

पीआर होऊन गेला असेल तर रस्ता अवघड आहे, पण बंद नाही. कायद्याच्या कलम २५ खाली मानवतेच्या आणि सहानुभूतीच्या आधारावर सूट मागता येते. त्यात मुलाचं हित पाहिलं जातं. पण हा हक्क नाही, विनंती आहे. आणि नेहमीचं स्पॉन्सरशिप अपील इथे कामी येत नाही, कारण वगळलेला माणूस फॅमिली क्लासचा सदस्यच मानला जात नाही. त्यामुळे अपील मंडळ सहानुभूतीचा विचारच करू शकत नाही. म्हणून ही विनंती पहिल्याच अर्जात, पुराव्यांसह करावी लागते. पैसे पाठवल्याच्या नोंदी, फोन, भेटी, शाळेचे कागद, नाव का राहिलं याचं खरं कारण, सगळं.

९ सप्टेंबर २०१९ पासून एक सवलत योजनाही सुरू झाली. तिचं नाव ऐकून खूश होऊ नका. ती निर्वासित म्हणून आलेल्या किंवा जोडीदार, मूल म्हणून स्पॉन्सर होऊन आलेल्या लोकांसाठी आहे. एक्स्प्रेस एन्ट्रीने गेलेला इंजिनिअर त्यात बसत नाही.

काहीही करण्याआधी तुमच्या नावाने नेमकं काय भरलं गेलंय ते पाहा. कॅनडात असाल तर आपल्या माहिती अधिकारासारखा अर्ज ५ डॉलर भरून करता येतो आणि तुमच्या फाइलच्या नोंदी मिळतात. जुना स्टुडंट व्हिसा, व्हिजिटर व्हिसा, सगळं तिथे साठवलेलं असतं. सिस्टिममध्ये गेलेली नोंद पुसली जात नाही, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मग सल्ला घ्या, पण परवाना असलेल्याकडून. म्हणजे तिथल्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीचा वकील किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा नोंदणीकृत सल्लागार. ही नावं ऑनलाइन तपासता येतात. "काळजी करू नका, सगळे असंच करतात" म्हणणारा एजंट पुढे फोन उचलत नाही. आणि फाइलवर जबाबदारी तुमचीच असते.

आज रात्री जमलं तर एक काम करा. एजंटने भरलेला अर्ज मागवून घ्या आणि कुटुंबाचं पान स्वतः वाचा. आईवडील, भावंडं विचारली असतील तर तीही तपासा. जोडीदार असेल तर शेजारी बसवून वाचा. त्या पानावर त्याचा किंवा तिचाही हक्क आहे.

प्रश्न असतील तर पाठवा, फक्त पासपोर्टचे फोटो पाठवू नका, प्लीज. भेटू पुढच्या भागात.