हात लावून बघ!

(मंडळाच्या वसंत मेळाव्यात पालकांसमोर केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)



पोटात पुरणपोळी आणि समोर भाषण, ही परिस्थिती किती बिकट असते याची मला कल्पना आहे. म्हणून पॉवरपॉइंट आणलेलं नाही. दहा मिनिटांत खाली बसतो.

दिवसभर डेटाबेसशी झटापट करणारा माणूस किडामुंगीवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण आमच्या धंद्याचं आणि कीटकांचं नातं जुनं आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क टू' संगणकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून ठेवला गेला. 'बग' हा शब्द इंजिनिअर मंडळी त्याआधीही वापरत होती, पण हा बग अगदी खरोखरचा होता! तेव्हा मला बोलायचा थोडाफार अधिकार आहे असं समजा.

विषय आहे उन्हाळ्यातले निसर्ग-कॅम्प. इथे न्यू जर्सीत आमच्या काउंटीच्या पार्कात मुलांचा डे-कॅम्प असतो. मुलीच्या निमित्ताने मी तिथे स्वयंसेवक म्हणून जायला लागलो. आता मुलगी कंटाळली तरी मी जाईन अशी लक्षणं आहेत.

या देशात कॅम्पची परंपरा मोठी आहे. १८६१ साली कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन नावाच्या शिक्षकाने शाळेतली मुलं चालवत समुद्रकिनारी नेली आणि तंबू ठोकून त्यांच्याबरोबर मुक्काम केला. अमेरिकेतला पहिला समर कॅम्प तोच, असं मानतात. आपल्या घरांत मात्र मार्च आला की चर्चा होते ती गणिताच्या क्लासची, कोडिंगची आणि स्पेलिंगची. यातलं काहीही वाईट नाही. माझी रोजीरोटी कोडिंगवरच आहे! पण दहा आठवड्यांच्या सुट्टीत एक आठवडा चिखलाला द्यायला काय हरकत आहे?

या कॅम्पमध्ये होतं काय, ते सांगतो. एका दिवशी मुलं तळ्यात जाळी फिरवतात आणि पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी ओततात. आधी नुसता गाळ दिसतो. दोन मिनिटं थांबलं की त्यातून चतुराची पिल्लं चालायला लागतात. पाण्यात कोणते किडे सापडले यावरून पाणी किती स्वच्छ आहे ते ओळखायचं, हा खेळ. काही किडे घाण पाण्यात टिकतच नाहीत. शेवटी सगळे जीव परत तळ्यात. हा नियम कोणासाठीही मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी असतात घुबडाच्या गोळ्या. घाबरू नका. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं मात्र पोटात साठून त्यांचा गोळा होतो आणि काही तासांनी घुबड तो तोंडावाटे बाहेर टाकतं. असे गोळे उष्णतेने निर्जंतुक करून, चांदीच्या कागदात गुंडाळून मुलांना देतात. मग चिमटा घेऊन हाडं वेगळी करायची आणि तक्त्यावर लावायची. पहिली पाच मिनिटं "ईऽऽ". मग अर्धा तास चिडीचूप शांतता. आमच्या घरी मोबाइलशिवाय एवढी शांतता मी पाहिलेली नाही.

आपल्याच मंडळातला एक नऊ वर्षांचा मुलगा असा जबडा डबीत घालून घरी घेऊन गेला. त्याचे आजोबा सातारा जिल्ह्यातले शेतकरी, सहा महिन्यांसाठी इथे आलेले. गाडी चालवता येत नाही, टीव्ही कळत नाही. नातवाशी संवाद म्हणजे "जेवलास का?" आणि "हो". त्यांनी जबडा पाहिला आणि म्हणाले, "अरे, हे घुबड आमच्या गोठ्यात बसायचं की! धान्यावर आलेला उंदीर सोडायचं नाही." आपल्याकडे त्याला गव्हाणी घुबड म्हणतात. इंग्रजीत 'बार्न आउल'. गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालायची जागा. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, एकाच पक्ष्याला गोठ्यावरून नाव दिलं! "गव्हाण काय असते?" असं नातवाने विचारलं, तेव्हा आजोबांनी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला गोठा काढला, बैल काढले. मुलाच्या आईने मला फोन करून सांगितलं, की ते दोघं रात्री दहापर्यंत बोलत होते. मराठीत!

मंडळी, मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आपल्या मुलांचं मराठी जेवणाचं आणि रागावण्याचं मराठी आहे. "हात धू", "आवर लवकर", "दूध पी". आजी-आजोबांकडे मात्र झाडांचं, पावसाचं, गुराढोरांचं मराठी आहे, आणि ते ऐकायला कोणी नाही. ही दोन टोकं जोडायला एक किडासुद्धा पुरतो.

आता मोनार्क फुलपाखराचं बघा. उन्हाळ्याअखेरीस जन्मलेली पिढी इथून दोन हजार मैलांहून लांब मेक्सिकोतल्या डोंगरांत जाते, तेही व्हिसा न काढता! जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा जीव. सप्टेंबरमध्ये मुलं त्यांच्या पंखावर छोटासा गोल स्टिकर लावतात, त्यावर नंबर असतो. कॅन्सस विद्यापीठातला 'मोनार्क वॉच' हा उपक्रम १९९२ पासून हे काम चालवतो. मोनार्कची अळी फक्त मिल्कवीड खाते. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातलं झाड, पान तोडलं की तसाच पांढरा चीक. मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतात, त्याच रुईवर मोनार्कचं एक भारतीय भावंड अंडी घालतं. आजीला विचारा, तिने नक्की पाहिलं असेल.

आणि हे फुलपाखरू संकटात आहे. १९९६-९७ च्या हिवाळ्यात मेक्सिकोत त्यांनी सुमारे १८ हेक्टर जंगल व्यापलं होतं. २०२३-२४ मध्ये एक हेक्टरही नाही. मिल्कवीड कमी झालं, हे त्याचं एक मोठं कारण. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने मोनार्कला संरक्षित यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला.

आता आयांची काळजी. इथे गोचीड आहे आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो, हे खरं. पण आजार व्हायला ती साधारण दिवसभरापेक्षा जास्त वेळ चिकटून राहावी लागते. म्हणून फिकट रंगाची पूर्ण पँट, मोजे वर ओढलेले, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासणी. सापडली तर चिमट्याने कातडीजवळ पकडून सरळ वर ओढायची. दुसरी पॉयझन आयव्ही. बेलासारखी तीन पानं, पण महादेवाला वाहायची नाहीत आणि हातही लावायचा नाही! एवढं मुलांना तासाभरात येतं.

कॅम्प निवडताना चार प्रश्न विचारा. राज्याच्या आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र आहे का? किती मुलांमागे एक मोठा माणूस? प्राणी कुठून आणतात? आणि ते जंगलात परत सोडता न येणारे जखमी प्राणी आहेत, की फक्त खेळवायला पाळलेले? चांगल्या कॅम्पमध्ये मुलं पक्ष्याचं पीससुद्धा खिशात घालत नाहीत. १९१८ च्या कायद्याने इथल्या बहुतेक रानपक्ष्यांची पिसं परवान्याशिवाय ठेवायला बंदी आहे.

शेवटचं. मागच्या टेबलावर एक कागद ठेवलाय. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी मंडळातर्फे मुलांना मोनार्कला स्टिकर लावायला न्यायचं आहे. वीस मुलं आणि जमतील तेवढे आजी-आजोबा हवेत. आजी-आजोबांची नावं आधी लिहा. आणि परसात कोपरा रिकामा असेल तर इथल्या जातीचं मिल्कवीड लावा.

आपण मुलांना दिवसातून पन्नास वेळा "हात लावू नकोस" म्हणतो. त्या एका शनिवारी "हात लावून बघ" म्हणूया.

चहा तयार आहे असं कळलंय.