विधवेच्या घरात भरलेली राष्ट्रसभा

आज जरा लांबच्या देशात जाऊ. युरोपात स्लोव्हाकिया नावाचा देश आहे. तिथले स्लोव्हाक लोक शेकडो वर्षं हंगेरीच्या राज्यात राहिले. कारभार परक्या भाषेत चालायचा आणि आपली म्हणावी अशी सभाच नव्हती.

१८४८ साली श्टूर, हुर्बान आणि होजा या तिघांनी पुढाकार घेऊन स्लोव्हाक राष्ट्रसभा स्थापली. तिला ना कोणी मतं दिली होती, ना सरकारची मान्यता होती. १९ सप्टेंबरला मियावा या गावात तिची जाहीर बैठक भरली. कुठे, तर कोलेनी नावाच्या एका विधवा बाईच्या घरात! 'हंगेरीच्या सरकारचं आम्ही ऐकणार नाही,' असं तिथे जाहीर झालं. अशा सभेला घर द्यायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती बरं का. तो उठाव लवकरच मोडला, काही तरुण फासावर गेले. आज त्या घरात राष्ट्रसभांचं संग्रहालय आहे. पण सभेच्या सदस्यांत मात्र एकही बाई नव्हती. घर बाईचं, निर्णय पुरुषांचे. ओळखीचं वाटतं ना?

पुढे १८६१ मध्ये मार्टिन गावी मोठी सभा भरली. आपला वेगळा प्रदेश आणि आपली भाषा हवी, असं निवेदन तिथे झालं. ते मान्य झालं नाही. १८६९ साली त्याच मार्टिनमध्ये बायकांनी 'झिवेना' ही संघटना काढली. सरकारने १८७५ मध्ये 'मातित्सा' ही स्लोव्हाकांची मोठी सांस्कृतिक संस्था बंद केली, झिवेना मात्र टिकली. बायकांच्या कामाची सत्तेला फारशी भीती वाटली नसावी, असं मला वाटतं! मुलींच्या शिक्षणाचा विषय त्यांनी सोडला नाही.

३० ऑक्टोबर १९१८ ला मार्टिनमध्येच नव्या राष्ट्रसभेने चेकोस्लोव्हाकियात सामील व्हायचं ठरवलं. नव्या देशाच्या १९२० च्या राज्यघटनेने बायकांना मताचा हक्क दिला आणि त्याच वर्षीच्या संसदेच्या निवडणुकीत त्यांनी मतदान केलं.

१९४४ मध्ये नाझींविरुद्धच्या उठावात राष्ट्रसभा पुन्हा उभी राहिली. नंतर कम्युनिस्ट राजवटीत ती नावापुरती उरली. १९९३ पासून स्लोव्हाकिया स्वतंत्र आहे. तिथल्या संसदेचं नाव आजही राष्ट्रसभाच आहे. तिचे १५० सदस्य लोक मतं देऊन निवडतात. २०१० मध्ये याच संसदेच्या पाठिंब्यावर इव्हेता रादिचोव्हा तिथल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.