एक छप्पर, चार धर्म



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कवितेवर बोलायचा मला अधिकार नाही, पण एका कवीशी माझं जुनं भांडण आहे, तेवढं सांगतो.

हातकणंगलेत शाळेत होतो तेव्हा केशवसुत (१८६६–१९०५) मला फार आवडायचे. इंग्रजी रोमँटिक कवितेचे संस्कार घेऊन मराठी कविता बदलणारे हे शाळामास्तर. 'नवा शिपाई'मध्ये ते जात, धर्म, पंथ अशी सगळी कुंपणं ओलांडून माणसामाणसांत भाऊबंदकीचं नातं जोडतात. वाटायचं, हाच खरा विश्वधर्म.

मग पुण्यात नोकरी लागली. खोली बघितली, भाडं ठरलं. शेवटी नाव विचारलं, आणि खोली 'कालच गेली' होती. त्या रात्री मी केशवसुतांवर चिडलो. तुम्ही ओळख उतरवून ठेवलीत, चालून गेलं. माझी तर माझ्याआधी दारात पोहोचते!

पुढे राग निवळला. केशवसुत ब्राह्मण घरात जन्मले होते. त्यांनी नाकारला तो स्वतःला आयता मिळालेला मान. वरच्याने आपली उंची सोडणं ही माणुसकी. पण खालच्याला 'तू तुझी ओळख पूस, मग जवळ ये' म्हणणं वेगळं.

उत्तर मला जोतीराव फुल्यांकडे सापडलं. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली छापलं गेलं. त्यात एक कुटुंब आहे: आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकाने आपापला ग्रंथ वाचून धर्म निवडलाय. कुणी कुणाचा द्वेष करायचा नाही, सगळ्यांनी एकाच घरात प्रेमाने राहायचं. इथं कुणाचंच नाव पुसलेलं नाही.

दोस्तांनो, हे घर आपल्याला खोली नाकारणाऱ्यांना दाखवायला सोपं आहे. पण आपल्याच बहिणीने, पोराने उद्या वेगळी वाट धरली तर? तिचं ताट आपल्याच पंगतीत राहील का?

मी नमाज पढतो, पढत राहीन. पण या प्रश्नाला मनापासून 'हो' म्हणता येईपर्यंत पुण्याच्या त्या घरमालकाकडे बोट दाखवताना माझा हात थोडा कचरणारच.