संग्रहालयाच्या वहीत करणारीचं नाव

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

औंधच्या यमाईला आपल्यापैकी पुष्कळ जणी गेल्या असतील. त्याच डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभं केलं. ते स्वतः चित्रकार. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रं तिथं आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माता-बालकाचं दगडी शिल्पही आहे.

संग्रह वाढतो कसा? काही वस्तू विकत घेतात, काही करवून घेतात, काही भेट येतात. प्रत्येकीची नोंद वहीत होते: काय, कुणी केलं, कुठून आलं. पण वहीत काय चढावं हे कोण ठरवतं? औंधला राजाची आवड चालली. आज ते संग्रहालय राज्य शासनाकडे आहे, म्हणजे आपलंही आहे.

भिंतींवर बाया दिसतात, पण रंगवलेल्या. रंगवणाऱ्या कुठं आहेत? धुरंधरांची मुलगी अंबिका जे. जे. कलाशाळेत शिकलेली चित्रकार होती. वडिलांचं नाव सगळे घेतात, तिचं किती जणींनी ऐकलंय?

हे इथलंच दुखणं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 'गरिला गर्ल्स' या स्त्री-कलावंतांच्या गटाने १९८९ मध्ये मोजदाद केली. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-कलावंत ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांत ८५ टक्के बायका! असा जाब विचारला गेला, म्हणून पुढे काही हललं. अमेरिकेतल्याच बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने २०२० साली फक्त स्त्रियांच्या कलाकृती विकत घ्यायचं ठरवलं.

आता आपल्याकडे बघू. आटपाडी, कुंडल हा भाग औंध संस्थानातला, आज सांगली जिल्ह्यात. इथला शेतसारा संस्थानाच्या तिजोरीत जात होता. बचत गटाच्या कामासाठी मी घरोघर जाते, तेव्हा जुन्या लुगड्यांच्या गोधड्या बघते. रंगांची जुळणी, टाक्यांची ओळ बघत राहावं अशी. फाटली की तिचं पायपुसणं होतं. संग्रहालयात गेलीच, तर पाटी लागते 'लोककला'. करणारीचं नाव नाही. चित्रकाराला मोल मिळतं, गोधडीवालीकडून मात्र 'भेट'च का हवी?

म्हणून तीन कामं सुचवते.

एक, प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या करणाऱ्यांची यादी करावी. नाव, गाव, साल, सोबत वस्तूचा फोटो.

दोन, स्त्रियांनी केलेल्या वस्तू किती आणि नव्या वस्तू घ्यायचं कोण ठरवतं, हे सरकारी संग्रहालयांना लेखी विचारावं. २००५ चा माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे.

तीन, वस्तू देताना करणारीचं नाव पाटीवर येईल, असं लिहून घ्यावं. पोच जपून ठेवावी. आणि गरीब बाईची वस्तू असेल तर मोल मागावं, लाजू नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने निदान पाच नावं आणायची. या बाया साठी-सत्तरीच्या आहेत. त्यांना विचारायचं ते आत्ताच विचारलं पाहिजे.