लग्नाचा पुरावा कोणाच्या हाती?

(वसंतातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्याकडे लग्न झाले आहे हे कोणाला सिद्ध करून दाखवावे लागत नाही. कार्यालयात पंगती उठलेल्या असतात, वरात गल्लीतून गेलेली असते, सून चार घरी हळदीकुंकवाला जाऊन आलेली असते. गाव साक्षीला असते. पण तोच संसार परदेशात मांडायचा झाला, की ज्याने आपले गाव कधी पाहिले नाही असा एक अधिकारी काचेपलीकडून विचारतो, हे लग्न खरे कशावरून? आणि मग घरात शोधाशोध सुरू होते.

मी वकील आहे. अमेरिकेला किंवा ब्रिटनला जोडीदाराकडे निघालेल्यांचे कागद तयार करण्याचे काम करते. त्या कामातून माझे एक मत झाले आहे, ते आज आपल्यापुढे ठेवते. पुरावा मागण्यात काही गैर नाही. पण कसल्या लग्नाला खरे म्हणायचे, हे आजवर मागणाऱ्याने ठरवले. आणि तो पुरावा सांभाळायचे काम आपल्या घरांनी नवऱ्यामुलावर सोपवून दिले. या दोन्हींची किंमत मुलींनी मोजली आहे.

ब्रिटनपासून सुरुवात करते, कारण तिथला इतिहास आपल्या माणसांच्या अंगावरून गेलेला आहे. २४ जानेवारी १९७९ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय महिला उतरली. तिचा वाग्दत्त वर तिथे होता आणि त्याच्याशी लग्न करण्यासाठी ती आली होती. त्या काळच्या नियमांत वाग्दत्त वधूला आगाऊ व्हिसा लागत नसे, बायको म्हणून येणारीला लागत असे. ही आधीच लग्न झालेली आहे, असा अधिकाऱ्याला संशय आला. तो संशय फेडण्यासाठी तिची कौमार्यचाचणी करण्यात आली. १ फेब्रुवारीला 'गार्डियन'ने ही बातमी छापली तेव्हा तिथे आणि इथेही मोठा गदारोळ झाला आणि सरकारला हा प्रकार थांबवावा लागला. पुढे तिथल्याच सरकारी दफ्तरांत संशोधकांना अशा किमान ऐंशी चाचण्यांच्या नोंदी सापडल्या. एका बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही असे एकदा ठरले, की शासन कुठवर जाऊ शकते हे त्या नोंदींत दिसते.

चाचण्या थांबल्या, संशय थांबला नाही. १९८०च्या नियमांत एक अट आली. तिथल्या बोलीत तिला 'प्रायमरी पर्पज' म्हणजे मुख्य हेतूचा नियम म्हणत. ब्रिटनमधल्या मुलीशी लग्न करून तिकडे जाऊ पाहणाऱ्या पुरुषाने दाखवून द्यायचे, की या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहणे हा नाही. नीट लक्षात घ्या. लग्न खरे आहे, दोघांना संसार करायचा आहे, हे मान्य करूनही अर्ज फेटाळता येत असे. ठरवून केलेल्या लग्नांना याचा फटका सर्वांत जास्त बसला. तुमच्यात मुलगी सासरी जाते ना, मग इथे मुलगा बायकोच्या देशात का निघालाय, असा तर्क आपलीच रीत पुढे करून लढवला जाई. नसलेला हेतू कोणी कसा सिद्ध करायचा?

२८ मे १९८५ला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने अब्दुलअझीज, काबालेस आणि बाल्कंडाली या तीन स्त्रियांच्या खटल्यात निकाल दिला. पुरुषांना बायका आणता येतात आणि बायकांना नवरे आणता येत नाहीत, हा लिंगभेद आहे, असे न्यायालय म्हणाले. ब्रिटनने भेद मिटवला, तो नवऱ्यांवरची बंधने बायकांवरही घालून. मुख्य हेतूचा तो नियम रद्द व्हायला जून १९९७ उजाडले. आज तिथे दोघांनी एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असावे, नाते खरे आणि चालू असावे, अशा अटी आहेत, आणि त्यांच्या जोडीला उत्पन्नाची अट आहे. २०१२मध्ये ती वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४पासून २९,००० पौंड झाली. कमी पगारावर राबणाऱ्या माणसाचे लग्न कितीही खरे असले तरी बायको त्याच्याजवळ येऊ शकत नाही. माझ्या मते हा अन्याय आहे.

आता अमेरिका. आपल्या बहुतेक घरांचा संबंध तिच्याशीच येतो.

खोटी लग्ने होतात, हे मान्य करूनच पुढे जाऊ. पैसे घेऊन सही करणारे आहेत, ते जमवून देणारे दलालही आहेत. तिथल्या कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि एकदा खोट्या लग्नाचा ठपका बसला की त्या माणसासाठी पुढे कोणीही केलेला कौटुंबिक अर्ज मंजूर होत नाही, पुढचे लग्न अगदी खरे असले तरी. तेव्हा तपासणी कडक असणारच. पण या कडकपणाच्या मुळाशी काय होते तेही सांगायला हवे. १९८५मध्ये तिथल्या स्थलांतर खात्याच्या प्रमुखांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की लग्नाच्या आधारावर येणाऱ्या अर्जांपैकी सुमारे तीस टक्के संशयास्पद आहेत. त्या आकड्याच्या जोरावर १९८६चा कायदा झाला. पुढे खात्यालाच कबूल करावे लागले, की ज्या पाहणीतून तो आकडा काढला ती शास्त्रीय कसोटीवर टिकणारी नव्हती. आकडा गेला, कायदा राहिला. त्या कायद्याकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याआधी न्यायालयांनी काय म्हटले ते पाहू, कारण त्यात आपल्याला दिलासा आहे. १९७५मध्ये बार्क नावाच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने कसोटी सांगितली, ती अशी: लग्न करताना या दोघांना एकत्र संसार करायचा होता का? पुढे पटले नाही, वेगळे राहू लागले, एवढ्यावरून ते लग्न मुळात खोटे ठरत नाही. नंतरचे वागणे बघायचे, पण त्यावरून लग्नाच्या वेळचे मन कळते तेवढ्यापुरतेच. ही मोठी समजूतदार कसोटी आहे. अडचण येते ती मन कागदावर दाखवताना.

दोघांच्या नावावरचा भाडेकरार, दोघांचे बँक खाते, विम्यात एकमेकांचे नाव, मुलाचा जन्मदाखला, असा पुरावा तिकडे अपेक्षित असतो. आता आपला नेहमीचा प्रसंग बघा. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो. पोहे, पसंती, बैठक, साखरपुडा, लग्न, सत्यनारायण, कुलदैवत, आणि विमान. मुलगी व्हिसा होईपर्यंत सासरी किंवा माहेरी राहते. घर सासऱ्यांच्या नावावर, विजेचे बिल त्यांच्याच नावावर, गॅसचे कार्ड सासूबाईंच्या नावावर. अमेरिकन यादीतला एकही कागद या जोडप्याकडे नसतो. आणि इतक्या झटपट झालेले लग्न तिथल्या शिकवणुकीनुसार संशयाचेच लक्षण.

मग घरची मंडळी घाबरतात आणि नाटक उभे करतात. कधीही एकत्र न वापरलेले खाते घाईने उघडायचे, महाबळेश्वरला जाऊन रोज कपडे बदलून फोटो काढायचे, आधीपासून ओळख होती, प्रेम जमले होते, अशी गोष्ट रचायची. हात जोडून सांगते, असे करू नका. न्यूयॉर्कमध्ये स्टोक्स नावाच्या खटल्यातल्या १९७६च्या तडजोडीनंतर संशयित जोडप्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न दोघांना विचारण्याची पद्धत नीट बांधली गेली. रचलेली गोष्ट तिथे उघडी पडते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलगी एकटीच खिडकीपुढे उभी असते. स्थळ कोणी आणले, पहिल्यांदा कुठे भेटलात, मुलगा काय काम करतो, घरी कोण कोण आहे, असे साधेच प्रश्न असतात. आमचे लग्न घरच्यांनी ठरवले, आठ दिवसांत आम्ही होकार दिला, हे जसे घडले तसे सांगणारी मुलगी बहुधा अडखळत नाही. ठरवून केलेले लग्न तिथल्या कायद्याला निषिद्ध नाही. ते कसे ठरले हे समजावून सांगायचे काम मात्र आपले आहे.

आणि त्यासाठी आपल्याकडे कागद भरपूर असतात, आपण ते कागद मानत नाही एवढेच. नाशिककडच्या एका मुलीची फाईल माझ्याकडे आली होती. तिच्यात छापील फोटोंचे तीन जाड अल्बम होते आणि तारखेनिशी असा कागद जवळजवळ नव्हता. बोलता बोलता तिच्या आईने पिशवीतून घडी घातलेला एक फुलस्केप काढला. याद्यांचा कागद. वर श्री, चारही कोपऱ्यांना कुंकू, घड्यांवर हळद उतरलेली. जेवण कोणाकडे, मंडप कोणाकडे, मानाचे आहेर किती, तिथी, मुहूर्त, आणि खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या, त्यात मुलीच्या मामाची वाकडीतिकडी सही. तारीख लग्नाच्या दीड महिना आधीची. व्हिसाचा विचारही नव्हता तेव्हा दोन घरे समोरासमोर बसून लग्न ठरवत होती, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता? मी त्याचे इंग्रजी भाषांतर करून, भाषांतरकाराच्या सहीच्या दाखल्यासह फाईलमध्ये सर्वांत वर लावले आणि अल्बममधले बहुतेक फोटो परत दिले.

त्या कागदात हुंडा असेल तर मात्र तो गुन्ह्याचा पुरावा आहे, आणि ते लग्न तिथेच थांबवायला हवे. १९६१च्या कायद्याने हुंडा घेणे आणि देणे दोन्ही बंद आहे. त्याच कायद्याखाली १९८५च्या नियमांनी लग्नात मिळालेल्या भेटींची सहीनिशी यादी ठेवायला सांगितले आहे. ती कोणी ठेवत नाही. ठेवली, तर पुढे व्हिसाला उपयोगी पडते आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर स्त्रीधन परत मागायलाही.

स्थळाच्या वेळी एकमेकांना पाठवलेले बायोडाटा, कार्यालयाची पावती, भटजींची आणि आचाऱ्याची रक्कम बँकेतून गेली असेल तर तिची नोंद, लग्नानंतरच्या विमानाच्या तिकिटांचे तुकडे, रोजच्या बोलण्याच्या नोंदी हे सगळे ठेवा. सासूबाईंशी झालेले निरोपसुद्धा ठेवा. आज डबा काय दिला, गुढीपाडव्याला कोण येणार, हे बोलणे कोणी मुद्दाम रचत नाही, म्हणून त्याला वजन असते.

नोंदणीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात १९९८चा कायदा आहे आणि लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. २००६मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही देशभर नोंदणी सक्तीची करायला सांगितले. गोव्यात नागरी नोंदणी अधिकाऱ्यापुढच्या सह्यांनीच लग्न कायदेशीर होते, म्हणून तिथल्या जोडप्यांना हा घोर नसतो. आपल्याकडे घोळ होतो तो नावांचा. अजून पुष्कळ घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने मुलीचे नवे नाव लिहितात. मग पत्रिकेत एक नाव, नोंदणीच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे, आणि मधले नाव कुठे वडिलांचे तर कुठे नवऱ्याचे. व्हिसा हातात पडेपर्यंत पासपोर्टवरचे नाव हेच सगळीकडे चालू द्या. तांदळातले नाव घरात हाक मारायला राहू द्या.

आता त्या १९८६च्या कायद्याकडे येते, कारण माझ्या मनात खरी कळकळ याचीच आहे. अमेरिकेत प्रवेश करतेवेळी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कायमचे ग्रीन कार्ड मिळत नाही, दोन वर्षांचे सशर्त मिळते. ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवराबायकोने मिळून अर्ज करायचा, दोघांच्या सह्यांनी, संसाराच्या पुराव्यांनिशी. कायदा खोटी लग्ने पकडायला केला. पण खऱ्या लग्नात त्याने काय केले? बायकोचा त्या देशात राहण्याचा हक्क नवऱ्याच्या एका सहीला बांधून टाकला. सही करणार नाही, परत पाठवीन, हे शब्द मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकले आहेत, की वेगवेगळ्या शहरांतले, वेगवेगळ्या पगारांचे हे नवरे एकाच शाळेत शिकले असावेत असे वाटते. कागद त्याच्या कपाटात, खाते त्याच्या नावावर, ईमेलचा पासवर्ड त्याच्याकडे. मार खाल्ल्याचा पुरावा तिच्या अंगावर असतो आणि लग्नाचा पुरावा त्याच्या ताब्यात.

हे तिथल्या स्त्री संघटनांनी लावून धरले, म्हणून कायदा वाकला. १९९०च्या दुरुस्तीने छळ सोसणाऱ्या स्त्रीला, किंवा पुरुषाला, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या सहीवाचून एकट्याने अर्ज करण्याची वाट मिळाली. १९९४च्या कायद्याने, जिच्यासाठी नवऱ्याने अर्जच केलेला नाही अशा नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या बायकोलाही स्वतःचा अर्ज स्वतः करता येऊ लागला. खात्याने हे नवऱ्याला कळवायचे नाही, आणि केवळ त्याने पुरवलेल्या माहितीवर विसंबून तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही, असे बंधन आहे. घटस्फोट झाला असेल तरी, लग्न खऱ्या मनाने केले होते हे दाखवून एकटीला अर्ज करता येतो. बार्क खटल्यातली ती कसोटी इथे तिच्या कामी येते.

पण याही वाटेवर लग्न खरे होते हे दाखवावे लागतेच. म्हणून इथे बसलेल्या आईवडिलांना सांगते. मुलीची पाठवणी करताना दागिन्यांची डबी तिच्या हातात देता, तशी कागदांची एक पूर्ण प्रत तिच्या स्वतःच्या नावाच्या ईमेलमध्ये आणि दुसरी माहेरच्या कपाटात ठेवा. नोंदणीचा दाखला, पासपोर्टची पाने, मंजुरीचे पत्र, ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजूंचा फोटो. तिकडे गेल्यावर भाडेकरारात तिचे नाव घालायला सांगा. मी आलेल्या प्रत्येक जोडप्याला हे दोघांसमोर सांगते. चांगल्या घरातल्या मुलाला त्यात काही वावगे वाटत नाही.

कधी कधी नवरा बायकोला सुटीला म्हणून माहेरी आणतो, पासपोर्ट आणि कार्ड घेऊन एकटा परत जातो आणि फोन बंद करतो. अशा वेळी समाजाच्या बैठका घेण्यात महिने घालवू नका. पोलिसांत पासपोर्ट आणि कार्ड नेल्याची नोंद करा. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी २००९पासून स्वतंत्र कक्ष आहे, तिथे लिहा. आणि मुलीला अमेरिका सोडून एक वर्ष व्हायच्या आत वकिलातीकडे जा. हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या कार्डाऐवजी प्रवासापुरती परवानगी मिळण्याची सोय त्या मुदतीतच असते. पुढे एकटीने करायच्या अर्जाला ९० दिवसांच्या खिडकीची वाट पाहावी लागत नाही. तो आधीही करता येतो.