ठोकण्याआधी नट शोधा

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला आज पुष्कळ मंडळी आहेत. आम्हाला सांगितले आहे, जुन्या जीपवर बोला. हसू नका. पावसाळ्यात काळ्या रानातून जिथे बैलगाडीचा कणा चिखलाला लागतो, तिथे फोर व्हीलची जुनी जीपच पोचते. बियाणे तिच्यात, बाळंतीण तिच्यात आणि सभेला निघालेली माणसेही तिच्यातच. ती ऐन वेचणीत बंद पडली तर काय होते, ते आम्ही भोगले आहे. म्हणून बोलतो.

आमच्या तालुक्याच्या जीपचा ट्रान्सफर बॉक्स आवाज करू लागला, तेल गाळू लागला. गिअरबॉक्सच्या मागे बिडाचा जो खोका असतो, तो हा. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देण्याचे काम त्याचे. आम्ही ठरवले, खोका उतरवू आणि बेअरिंगे बदलू. दिसले तेवढे बोल्ट काढले. खोका हलेना. हातोडा मारला, हलेना. पहार घातली, दोघे लोंबकळलो. खोका नाही आला, त्याचा कान तुटून हातात आला. मग टॉर्च लावून पाहिले, तर एक बोल्ट तसाच होता. आणि आतला मोठा नट तर आम्हाला ठाऊकच नव्हता. चूक कुणाची? आमचीच. वेचणी संपेपर्यंत जीप झाडाखाली उभी, आणि कापूस भाड्याच्या गाडीतून बाजारात.

पुढे शिकलो, ते तुम्हाला फुकट देतो. हे सांगणे जुन्या विलीज धर्तीच्या जीपचे आहे, म्हणजे तीन गिअरचा गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला चिकटलेला ट्रान्सफर बॉक्स. दुसऱ्या गाड्यांची रचना वेगळी असू शकते, त्यांना हे जसेच्या तसे लावू नका.

पहिली गोष्ट जिवाची. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर बॉक्सच्या मागे असतो आणि तो प्रोपेलर शाफ्टला धरतो. शाफ्ट सोडला की हँडब्रेक गेला. गाडी गिअरमध्ये टाकली आहे म्हणाल, तर तो गिअरही याच खोक्यातून चाकांपर्यंत जातो. म्हणजे शाफ्ट सुटताच गाडी मोकळी, आणि तुम्ही तिच्या खाली! म्हणून जागा सपाट घ्या. जमिनीवरच्या प्रत्येक चाकाला पुढून आणि मागून लाकडाचे ओंडके लावा. गाडी उचललीत तर मजबूत घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरायचे नाही. गाडी दुसरी मिळेल, घरचा माणूस दुसरा मिळत नाही.

दुसरी गोष्ट, तेल. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर बॉक्स, दोन्हींचे तेल सोडा आणि ते स्वच्छ पातेल्यात घ्या. तेल ताकासारखे पांढरे असेल तर आत पाणी गेले आहे. पोलादाचे कण दिसले तर बेअरिंग किंवा गिअर झिजला आहे. खोका उघडण्याआधीच निम्मा रोग इथे कळतो. मग दोन्ही प्रोपेलर शाफ्ट खुणा करून सोडा, म्हणजे बसवताना तसेच बसतील. स्पीडोमीटरची आणि हँडब्रेकची तार, खोक्याचे दांडे आणि खालच्या आडव्या पट्टीवरचा रबराचा नट, हेही सोडा. एकेक वस्तू डब्यात ठेवा, मातीत नको.

आता खरी मेख. खोक्याच्या पाठीला एक झाकण आहे. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट खोक्याच्या आत येतो. त्याच्या खाचांवर एक गिअर बसतो आणि तो गिअर नट, वॉशर व पिनेने आवळलेला असतो. झाकण काढल्याशिवाय हा नट दिसत नाही. बाहेरून कितीही ठोका, आतून नटाने धरून ठेवलेले आहे! पिन काढा. गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये टाका, म्हणजे इंजिनाच्या अडवणुकीने शाफ्ट फिरणार नाही. मग नट सोडा. गिअर हाताने निघाला तर काढून घ्या.

नाही निघाला, तर घाई करू नका. गिअरबॉक्सचे वरचे झाकण काढा. दुसऱ्या गिअरच्या लगेच मागे शाफ्टभोवती जाड तारेचा फास टाका. झाकणाचे दोन बोल्ट अर्धे परत लावून तारेची टोके त्यांना पिळून ताणा. असे का? शाफ्ट मागे ओढला गेला तर त्याचे पुढचे टोक आपल्या जागेतून सुटते, बारीक रोलर गिअरबॉक्सच्या तळाशी सांडतात आणि एका खोक्यासाठी सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. शाफ्ट बांधला की हे संकट टळते.

आता खोक्याखाली जॅक द्या. गिअरबॉक्सला जोडणारे पाचही बोल्ट मोजून काढा. पाच म्हणजे पाच! गंज असेल तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. तरी खोका अडेल, कारण मधले एक बेअरिंग निम्मे गिअरबॉक्समध्ये आणि निम्मे खोक्यात बसते. ते गिअरबॉक्सकडेच राहिले पाहिजे. एकाने खोका सरळ मागे ओढावा, दुसऱ्याने शाफ्टच्या टोकावर पितळी गज ठेवून हलके हलके टोले द्यावेत. पोलादी हातोडा थेट शाफ्टवर नको. सांध्यात छिन्नी तर मुळीच नको. तिथे ओरखडा पडला की नवे पॅकिंग घालूनही तेल गळतच राहील. बसवताना पॅकिंग नवे, पिनही नवी, आणि दोन्हीकडे तेल भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

आणखी एक सांगतो. 1945 साली युद्ध संपल्यावर विलीजने ही जीप अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना शेतीची गाडी म्हणून विकायला काढली. आपण काढतो ते मागचे झाकण उगाच नाही. तिथूनच जोर घेऊन शेतीची यंत्रे फिरवायची सोय होती. 1940 च्या दशकाच्या अखेरीस हीच जीप मुंबईत जुळू लागली. म्हणजे नट ज्या दारामागे लपला आहे, ते दारच शेतकऱ्याच्या कामाचे. आपणच ते उघडून पाहत नव्हतो.

1972 पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. त्या काळात कापूस राज्याबाहेर नेऊन विकायला बंदी होती. भाव नाही म्हटले की उत्तर मिळे, पीक वाढवा, आणखी कष्ट करा. आम्ही बाहेरून ठोकत राहिलो, कान तुटले ते आमचे. आतला नट कायद्याचा होता, हे चळवळीत आल्यावर कळले. कुठलीही अडलेली गोष्ट पुढे आली की आधी विचारा, हिला धरून कोणी ठेवले आहे?

ज्यांच्याकडे अशा जीपा आहेत त्यांनी वेचणीची वाट पाहू नये. ज्वारीची पेरणी उरकली की दोन-तीन गावांनी मिळून एक दिवस काढावा. पाने, घोड्या आणि पितळी गज एकाने आणला तरी सगळ्यांना पुरतो. आणि आमचा तो तुटलेला कान इथे टेबलावर ठेवला आहे. जाताना हातात घेऊन पाहा, हातोडा उचलताना आठवेल.