‘प्रयत्न करते’ म्हणण्याआधी

(तरुण संघ व महिला मंडळ यांच्या संयुक्त वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण, किंचित संक्षिप्त करून.)



पाळकसाहेबांनी मला एकच शब्द दिला आहे, तोही इंग्रजी : ‘एन्डेव्हर’. आपल्या सभागृहाच्या कोपऱ्यात एक जुना फलक आहे, त्यावर ‘ख्रिस्ती एन्डेव्हर’ असे लिहिले आहे. तरुण संघातल्या एका मुलाने विचारले, “याचा अर्थ काय?” आणि कोणालाच नीट सांगता आला नाही. म्हणून हा विषय माझ्याकडे आला. मी भाषेची पंडित नाही. धर्मशिक्षणाचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून वाड्या-पाड्यांवर काम करते. पण या शब्दाने मला एकदा चांगलेच रडवले आहे. त्यामुळे त्याच्याबद्दल थोडे बोलू शकते.

आधी फलकाची गोष्ट. 2 फेब्रुवारी 1881 रोजी अमेरिकेतील मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरात फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकांनी आपल्या घरी मंडळीतली तरुण मुले-मुली जमवली. त्यांचे स्वतःचे वय तेव्हा तिशीच्या आत होते. मुले उपासनेत नुसती बसून राहतात, त्यांना काम द्यावे, जबाबदारी द्यावी, असा त्यांचा हेतू होता. त्या सभेला त्यांनी ‘ख्रिस्ती एन्डेव्हर’ असे नाव दिले. काही वर्षांतच ही चळवळ देशोदेशी गेली आणि मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडेही आली. सभासदांना एक प्रतिज्ञा घ्यावी लागे. तिचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी प्रभू येशूच्या सामर्थ्यावर भरवसा आणि मग त्याला आवडेल ते करण्यासाठी झटण्याचे वचन. आपण झटतो ते तारण कमावण्यासाठी नव्हे. ते कृपेने मिळालेच आहे. मिळाले आहे म्हणून झटायचे.

या नावाची जहाजेही झाली. कॅप्टन कुक 1768 मध्ये ज्या जहाजातून निघाले ते ‘एन्डेव्हर’. मुळात ते कोळसा वाहणारे जहाज होते. 1770 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ ते प्रवाळाच्या खडकावर अडकले, तेव्हा खलाशांनी तोफासुद्धा समुद्रात टाकून ते हलके केले आणि वाचवले. त्याच जहाजाचे नाव पुढे अमेरिकेच्या एका अंतराळयानाला मिळाले. शाळेच्या मुलांच्या स्पर्धेतून ते निवडले गेले आणि 1992 मध्ये ते यान पहिल्यांदा झेपावले. मोठी धडपड, मोठे धाडस, असा हा अर्थ. पण आपण आदिवासींमध्ये काम करणारी माणसे आहोत, म्हणून एक गोष्ट विसरू नये. कुकचे जहाज ज्या किनाऱ्याला लागले, तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी पुढे त्यांच्या हातून गेल्या. धडपड कोणाची आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय तिचे कौतुक करता येत नाही.

आता माझी गोष्ट.

रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवर मी जात असे. कातकरी म्हणजे खैराच्या झाडापासून कात काढणारे. जंगल हातून गेले तसा तो धंदाही गेला. आज सरकारदरबारी ही जमात विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात. दिवाळी झाली की ती फेडायला सगळे घरदार भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परत येते. मुलांची शाळा मध्येच तुटते.

त्या वाडीतली एक मुलगी दहावी पास झाली. वाडीतली पहिलीच. आजीने तिला स्वतःजवळ ठेवून शिकवले होते. अकरावीसाठी वसतिगृहात प्रवेश हवा होता आणि त्यासाठी जातीचा दाखला. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला कुटुंबाचा 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांना जमीन नव्हती, शाळा नव्हती, त्यांच्याकडे त्या काळचा कागद कुठून असणार? एक वाट असते. गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, आजा-पणज्याचे नाव सापडू शकते.

आजीने मला विचारले, “ताई, दाखला होईल ना?” मी म्हणाले, “आजी, प्रयत्न करते.”

मी एकदा कचेरीत गेले. ज्यांच्याकडे काम होते ते त्या दिवशी रजेवर होते. मग आमचे शिबिर आले, मग वार्षिक अहवाल आला, मग माझ्या घरचे आजारपण. मी पुन्हा गेले तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. दिवाळीनंतर ती मुलगी आई-बापाबरोबर भट्टीवर गेली. मी आजीची क्षमा मागायला गेले तर ती मला म्हणाली, “असू दे ताई. तुम्ही प्रयत्न केला.”

ती रागावली असती तर बरे झाले असते.

त्याच आठवड्यात देणगीदारांसाठीचा इंग्रजी अहवाल छापून आला. त्यात मीच लिहिले होते की आमची संस्था कातकरी मुलांच्या शिक्षणासाठी ‘एन्डेव्हर’ करते. तो शब्द मला डोळ्यांसमोर नकोसा झाला. मी शब्दकोश काढला.

तेव्हा कळले की हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतल्या ‘दव्वार’ या शब्दातून आला आहे. त्याचा अर्थ कर्तव्य. स्वतःला एखाद्या कामाच्या कर्तव्यात घालून घेणे, हा ‘एन्डेव्हर’चा पहिला अर्थ. त्याच्याही मागे लॅटिन भाषेतले जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ देणे लागणे. म्हणजे हा शब्द मुळात ऋणाचा आहे. पौल रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात स्वतःला सर्वांचा ऋणी म्हणवतो, ते मला तेव्हा नव्याने समजले. मी समजत होते की उचल घेतलेले ते लोक कर्जात आहेत. प्रभूपुढे तर कर्जात मी होते.

आपल्या मराठीत ‘प्रयत्न करतो’ याची काय अवस्था झाली आहे, पाहा. लग्नाचे आमंत्रण आले, जायचे नाही, तर आपण म्हणतो, “यायचा प्रयत्न करतो.” समोरच्यालाही कळते. नकार देण्याची ती सभ्य रीत झाली आहे. इंग्रजीतही हा शब्द असाच सैल होतो. पत्राच्या शेवटी ‘आम्ही एन्डेव्हर करू’ लिहिले की काही बांधून घेतले नाही असे वाटते. पण त्यांच्या करारनाम्यांत ‘बेस्ट एन्डेव्हर्स’ आणि ‘रीझनेबल एन्डेव्हर्स’ अशी दोन वेगळी वचने असतात, आणि पहिल्याचा भार दुसऱ्याहून जड धरला जातो. कोर्टात विचारले जाते, तुम्ही नेमके काय केले? प्रभू आपल्याला त्याहून कमी विचारील का?

पवित्र शास्त्राकडे वळते. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, तिसऱ्या वचनात, आत्म्याचे ऐक्य राखण्याची आज्ञा आहे. जुन्या इंग्रजी बायबलात तिथे ‘एन्डेव्हर’ आहे, आपल्या मराठीत झटणे आहे. मूळ ग्रीक शब्दात दोन गोष्टी एकत्र आहेत : कळकळ आणि त्वरा. नुसती कळकळ असली तर माणूस अश्रू ढाळतो आणि घरी जातो. नुसती त्वरा असली तर धावपळ होते, काम होत नाही.

हाच ग्रीक शब्द पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी दोनदा येतो. पौल बंदिवासात आहे. तो तीमथ्याला होईल तितके करून लवकर ये म्हणतो. येताना त्रोवसात राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषेकरून चर्मपत्रे आण म्हणतो. आणि थोड्याच वचनांनंतर तो मुदतही घालतो : हिवाळ्यापूर्वी. कारण पौलाला थंडीत झगा हवा होता, वसंतात नव्हे.

भगिनींनो, मी ते वचन वाचले आणि मला वाडी दिसली. तिथेही कागदच आणायचे होते, आणि तिथेही मुदत होती.

मी पुन्हा आजीकडे गेले. या वेळी म्हणाले, “आजी, मी परत प्रयत्न करते.” ती म्हणाली, “प्रयत्न करते म्हणू नका ताई. कधी येता ते सांगा.”

मी वार सांगितला. त्या दिवशी गेले. मग दुसरा वार सांगितला. एकूण अकरा खेपा झाल्या. आजीच्या सासऱ्याचे नाव शेजारच्या गावच्या नोंदीत सापडले, तेही चुकीच्या लिपीवळणात, म्हणून दोनदा नजरेतून सुटले होते. दाखला झाला. त्याच पुराव्यावर तिच्या धाकट्या भावाचाही झाला आणि तो वसतिगृहात राहून शिकू लागला. मुलगी मात्र शाळेत परतली नाही. तिचे लग्न ठरून गेले होते. तिचे ते वर्ष मी तिला परत देऊ शकले नाही, आणि या व्यासपीठावरून ते झाकून ठेवणार नाही.

तेव्हापासून आमच्या कामाच्या वहीत नुसते ‘प्रयत्न चालू’ असे लिहायला बंदी आहे. कोण जाणार आणि कोणत्या तारखेला, एवढेच लिहायचे.

तुमच्याकडे माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. तरुणांपैकी ज्यांना अर्ज भरता येतात, त्यांनी महिन्यातला एक दिवस द्यावा, दिवाळीपूर्वी, कुटुंबे भट्टीवर जाण्याआधी. महिला मंडळाने भट्टीवर न जाता मागे राहणाऱ्या एकेका मुलाच्या जेवणाचा भार उचलता येईल का, ते ठरवावे. आणि जे वयोवृद्ध आहेत, त्यांनी नावे घेऊन प्रार्थना करावी. नावे मी देईन. पण या तिन्ही बाबतींत मला ‘प्रयत्न करू’ असे सांगू नका. नाही जमत असेल तर नाही म्हणा, मी वाईट मानणार नाही. जमत असेल तर तारीख सांगा.

तो जुना फलक पुसून पुन्हा भिंतीवर लावावा, अशी माझी विनंती आहे. आणि त्याचा अर्थ कोणी विचारला तर सांगा : देणे लागतो म्हणून झटणे, तेही हिवाळ्यापूर्वी.

प्रभू आपणा सर्वांना त्यासाठी सामर्थ्य देवो. आमेन.